तेरावी गाठ

माझी नात रेवती पाच महिन्यांची झाली तेव्हा तिचे कान टोचायला मी नीळकंठ सोनाराला घरी बोलावलं. चिखलीला आता काचेच्या दुकानात बसून पिस्तुलासारखं काहीतरी कानाला लावतात आणि झालं म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या प्रज्वलचे कान नीळकंठच्या बापाने टोचले होते, त्या कानांना आजवर काही झालं नाही. त्याची बायको बोलली की त्याला कमी ऐकू येतं, पण तो दोष काही सोनाराचा नाही.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. प्रज्वलची बायको अर्पिता ही माझी सून, आणि माझ्या सख्ख्या भावाची, रंगरावची, लेकही. साखरखेर्डा माझं माहेर आणि तिचंही. आमच्यात भावाची पोरगी सून म्हणून आणायची रीत आहे आणि मी ती वाजतगाजत पाळली. अर्पिता मला सासूबाई म्हणत नाही, आत्याच म्हणते. भांडण झालं की मात्र "तुमच्या घरात असं आणि तुमच्या घरात तसं" सुरू करते. तेव्हा मी तिला विचारते, "तू कोन्या घरातली वं? आकाशातून पडली काय?"

तर कान टोचायचा दिवस. पोरगी मामाच्या मांडीवर बसवायची असते, म्हणून अर्पिताचा भाऊ देवेश साखरखेर्ड्याहून आला होता. नीळकंठने चांदीची बारीक तार दिव्यावर तापवली, पुसली, आणि बोलता बोलता दोन्ही कान टोचून मोकळा झाला. पोरगी रडली तेवढं रडलीच, पण देवेश डोळे मिटून तिच्यापेक्षा जास्त कण्हत होता. कानाला रक्ताचा एक थेंब आला. मी लोण्यात हळद कालवून लावली. थेंब वाळला. बायका पेढे खाऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुपट्यावर रक्त होतं.

पुसलं, दाबून धरलं, थांबलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाच-सहा दिवसांत दोन्ही कान भज्यासारखे फुगले, लाल झाले, हात लावला तर गरम. मी तारा काढून टाकल्या आणि पदर खोचून सरळ नीळकंठच्या दुकानात गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं ते बरंच झालं. मला ऐकायला माणसं लागतात.

"नीळकंठ, तार कोन्या कुंपनाची आनली होती रे?"

"काकू, चांदीची होती. तुमच्यासमोर तापवली."

"चांदी तुह्या दुकानात कधीपासून यायला लागली? तुह्या बापाचा हात देवाचा होता. तुह्या हाती मी बैलाचं नाकसुद्धा टोचायला देनार नाई."

गिऱ्हाईक हसलं. नीळकंठने हातातला चिमटा खाली ठेवला. तो शांत माणूस आहे, आणि शांत माणसाचं बोलणं लागतं.

"काकू, गावातल्या निम्म्या पोरींचे कान माह्या हातचे हायेत. एकीचं रक्त दुसऱ्या दिवशी आलं नाई. तुमच्याच घरचं काऊन आलं, ते तुमी घरी जाऊन पाहा."

त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानावरून जायचं सोडलं. बाजाराला जायला लांबचा रस्ता धरला. पाय दुखायचे, पण मान ताठ होती.

कान हळूहळू बसले, भोकं बुजून गेली. चिखलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं होतं. ते म्हणाले, "रक्त व्यवस्थित गोठतंय. रिपोर्ट सगळे चांगले आहेत. स्वच्छता ठेवा." ते त्यांच्या परीने बरोबरच बोलले. पण गावाने त्यातून भलताच अर्थ काढला. रक्त चांगलं, तार चांदीची, म्हणजे दोष आईचा. पोरीला नीट सांभाळत नाही, फोनमध्ये डोकं घालून बसते. नाळ पडली तेव्हाही बेंबीतून आठवडाभर रक्त येत-जात होतं, तेही बायकांनी आता उकरून काढलं. पोरगी झोपली की अर्पिता पाळण्याशी नुसती बसून राहायची, जणू कोणी चोरून नेणार आहे.

मी लोकांची तोंडं बंद करत होते, ते काम मला जमतं. पण घरात माझंही तोंड एकदा सुटलं होतं, आणि अर्पिताने त्यावर मान वर करून नुसतं पाहिलं होतं. ते पाहणं मला कुठेतरी आधी पाहिल्यासारखं वाटलं. कुठे ते तेव्हा आठवलं नाही.

हिवाळ्यात रेवती पालथी पडायला, सरकायला लागली. त्या दिवशी प्रज्वल मिरचीची गाडी घेऊन जालन्याच्या बाजाराला गेला होता. अर्पिताने पोरीला मागच्या अंगणात बाजेवर निजवलं, दोन्ही बाजूंना गोधड्यांची उशी केली आणि दोरीवरचे कपडे काढायला वळली. तेवढ्यात पोरगी गोधडीवरून गेली आणि खाली पडली.

मी दही लावत होते. विरजण तसंच हातात घेऊन धावले. कपाळाच्या बाजूला, कानाच्या वर, बोराएवढं टेंगूळ. रडली, मग दूध प्याली, मग माझ्या हाताचं दही चाटून हसली.

शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "काई नाई होत, अन्नपूर्णाबाई. आमचा तर गोठ्याच्या माळ्यावरून पडला होता. आता पाहा, पोलीस भरतीले पळून राह्यला."

सगळं ठीक दिसत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. बेंबीचं रक्त पहिल्या दिवशी थांबलं होतं, नंतर आलं. कानाचं पहिल्या दिवशी थांबलं होतं, नंतर आलं. या पोरीचं रक्त आज शहाण्यासारखं वागतं आणि उद्या उसवतं. बेंबी बाहेर होती, कान बाहेर होते, दिसलं. हा मार डोक्याचा. उद्या आत काही उसवलं तर कोणाला दिसणार?

"अर्पिता, पोरीले गुंडाळ. बुलढान्याले जायचं."

"आत्या, ती तर हसून राह्यली."

"ती आज हसते. मले उद्याची चिंता हाये."

गल्लीत गाडी एकच, नीळकंठची. मी दहा पावलांचा रस्ता चालले आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. तो एका बाईची जोडवी उजळत होता. मान वर न करता म्हणाला, "कोन हाये?"

"मी. गाडी काढ."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "काकू, बैलाचं नाक टोचायचं नाई त्या हाताले गाडीचं चाक देता काय?"

"देतो. रेवती डोक्यावर पडली."

त्याने जोडवी बाईच्या हातात ठेवली, "उद्या या" म्हणाला, शटर ओढलं आणि चपला शोधत न बसता अनवाणी गाडीत बसला.

चिखलीच्या डॉक्टरांना वाटेतूनच फोन केला. ते म्हणाले, इथे थांबू नका, बुलढाण्याला लहान मुलांच्या निवेदिता मॅडम आहेत, सरळ त्यांच्याकडे न्या, मी कळवतो. खड्डा आला की नीळकंठ गाडी इतकी हळू करायचा, जणू मागे काचेचं दुकान भरलं आहे. अर्पिता पोरीचं डोकं तळहातावर धरून बसली होती.

निवेदिता मॅडम तरुण, बारीक, आवाजाने गोड. मला वाटलं ही काय करणार. त्यांनी पोरीला बोटांनी तपासलं, डोळ्यात उजेड पाडला, टाळू चाचपली, जुने रिपोर्ट पाहिले.

"उलटी नाही, गुंगी नाही. रिपोर्टही सगळे चांगले आहेत आजी."

"ते चांगलेच येतात, मॅडम. या पोरीचं रक्त एक दिवस चांगलंच राहते. मंग उसवते."

त्यांचा हात लिहिता लिहिता थांबला. "परत सांगा. सावकाश."

मी सांगितलं. कानाचं सांगितलं. अर्पिताने बेंबीचं सांगितलं. मॅडम एकेक विचारत गेल्या, आणि विचारताना त्यांनी एकदाही अर्पिताकडे असं पाहिलं नाही की तू कुठे होतीस. मग त्यांनी विचारलं, "आईवडील नात्यातले आहेत का?"

"माह्या भावाची पोरगी, माह्या पोराले केली."

"तुमच्या घराण्यात कोणाला असा त्रास? एखादं बाळ, बेंबीच्या रक्ताने गेलेलं?"

"नाही," अर्पिता म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे कोणालाच माहीत नाही. एकदा ठरवून टाकलं की कोणाला माहीत नसतं.

मला माहीत होतं. मी फ्रॉकात होते तेव्हाची गोष्ट. माझ्या आईला एक पोरगा झाला होता, रंगरावच्या आधीचा. त्याची नाळ पडली आणि बेंबीतून रक्त येऊ लागलं. थांबायचं, यायचं. आई फडकं बदलायची, न्हाणीत धुवायची, पुन्हा बदलायची. बारसं व्हायच्या आधीच ते गेलं. त्याला नावसुद्धा नाही. माझ्या आजीने सगळ्यांसमोर सांगितलं की बाळंतीण लवकर उठली, पाणी ओढलं, नाळ सांभाळली नाही. आणि मग आम्हा सगळ्यांना शपथ घातली की ही गोष्ट घराबाहेर गेली तर पोरींची लग्नं होणार नाहीत. आईने मान वर करून आजीकडे नुसतं पाहिलं होतं. अर्पिताचं ते पाहणं मी कुठे पाहिलं होतं, ते मला तिथे, मॅडमच्या खोलीत, आठवलं.

दारात नीळकंठ दुपट्यांची पिशवी घेऊन उभा होता. आमच्या गावात, उंद्रीत, बातमी पोचवायची असेल तर दवंडी लागत नाही, त्याचं दुकान पुरतं. माझ्या माहेरचं नाव मी आयुष्यभर डोक्यावर मिरवलं आहे. आमच्यात खोट नाही, हे मी इतक्या वेळा म्हटलं आहे की मला ते पाठ आहे. पण अर्पिताच्या मांडीवर पोरगी होती, आणि तिच्या कपाळावरचं बोर आता लिंबाएवढं झालं होतं.

"होता मॅडम," मी म्हटलं. "माह्या आईचा पोरगा. बेंबीच्या रक्तानेच गेला."

अर्पिता माझ्याकडे पाहतच राहिली. नीळकंठने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"आजी, हे सांगितलंत ते फार बरं केलंत," मॅडम म्हणाल्या आणि उठल्याच. त्यानंतर सगळं भराभरा झालं. डोक्याचा स्कॅन काढला. आत थोडंसं रक्त साचायला लागलं होतं, अगदी थोडं. मॅडमनी पोरीच्या रक्ताचा नमुना पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवायला काढला आणि सांगितलं, "उत्तर यायला वेळ लागेल. आपण त्याची वाट पाहायची नाही. मला जो संशय आहे त्याचं औषध दुसऱ्याच्या रक्तातून मिळतं. ते आत्ताच देऊ."

त्याला ते क्रायो म्हणतात. माणसांनी दान दिलेल्या रक्तातलं वरचं पाणी गोठवतात, मग हळूहळू वितळवतात. त्यात जो साका खाली राहतो, तोच कामाचा. मी जन्मभर दूध-दही केलं आहे, मला ते लगेच समजलं. रक्तपेढीतून माणूस आला. म्हणाला, पिशवी आहे, देतोच आहे, पण साठा कमी झाला आहे, तुमच्यातलं कोणी रक्त देणार असेल तर पुढच्याच्या कामी येईल.

माझं वय झालेलं. अर्पिता अंगावर पाजणारी. प्रज्वल जालन्याच्या रस्त्यावर. नीळकंठने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि बाही वर सारली.

"काकू, माह्या रक्तात तार कोनती हाये ते तपासून घ्या आधी," तो म्हणाला.

तो अनवाणीच रक्तपेढीच्या माणसामागे गेला. मी त्याच्या पायांकडे पाहत राहिले.

पिशवी आली. इवलीशी, तळहातावर मावेल अशी. आत फिकट पिवळं, ताकावर निवळी येते तसं. थेंब थेंब करून ते रेवतीच्या हातात जाऊ लागलं. ज्या कोणाचं ते होतं तो कुठे असेल काय माहीत. कदाचित देऊळगावचा मास्तर असेल, मलकापूरचा हमाल असेल, कॉलेजातलं पोरगं असेल. रक्त देऊन, चहा-बिस्कीट खाऊन आपल्या कामाला लागला असेल. माझ्या नातीचं नावही त्याला कळणार नाही. मी पिशवीला हात जोडले. नर्स हसली. मी म्हटलं, "हसू नको वं बाई. देवासमोर जोडतो तेव्हा देव दिसतो काय? हे तर मले दिसून राह्यलं."

दुसरा दिवस उजाडला. हाच तो दिवस, ज्याची मला भीती होती. प्रज्वल रात्रीच येऊन पोचला होता, मिरचीच्या पोत्यांचा वास अंगावर घेऊन. पोरीकडे झेपावला तशी मी त्याला अडवलं. "पहिले हात धू. पोरीच्या डोयात मिरची घालशीन." तो धुवायला गेला आणि मोरीजवळच रडून आला. त्याला वाटलं मला कळलं नाही.

पुन्हा स्कॅन झाला. मॅडम फिल्म उजेडासमोर धरून बराच वेळ पाहत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मग त्या वळल्या.

"वाढलं नाही आजी. जिथे होतं तिथेच थांबलंय."

अर्पिताने खाली बसून डोकं माझ्या गुडघ्याला टेकवलं. लग्नाच्या दिवशीही इतक्या मनापासून टेकवलं नव्हतं.

पुण्याचं उत्तर आलं तेव्हा आम्ही अजून दवाखान्यातच होतो. मॅडमनी आम्हाला खुर्चीवर बसवून समजावलं. रक्तात काही प्रथिनं असतात, ती सारखी फिरत असतात, पण झोपलेली. कुठे जखम झाली की एक जागं होतं, ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटी त्यातून धागे तयार होतात आणि त्या धाग्यांची जाळी जखमेवर बसते. "आणि मग तेरा नंबरचं येतं," मॅडम म्हणाल्या.

मी पटकन म्हटलं, "तेरावं नका म्हनू मॅडम, दवाखान्यात."

त्या हसल्या. "नाव तसंच आहे, मी काय करू? पण हे तेरावं जगवणारं आहे. ते त्या धाग्यांना एकमेकांशी बांधतं. रेवतीमध्ये तेच नाही. धागे होतात, जाळी होते, म्हणून साध्या तपासणीत सगळं छान दिसतं. ती तपासणी धागे झाले की नाही एवढंच बघते. पुण्याला तिच्या रक्ताची गुठळी एका औषधाच्या पाण्यात ठेवली. आपल्या कोणाची असती तर तशीच राहिली असती. तिची विरघळून गेली."

"म्हनजे बाज विनली, पन गाठच मारली नाई," मी म्हटलं. "पाहाले बाज. कोनी बसलं की खाली."

"अगदी तसंच आजी."

"मंग कान काऊन सुजला? सूज कशाची?"

"जखम झाली की रक्त गोठवणारे आणि सूज आणणारे एकमेकांना हाका मारतात. सूज म्हणजे साफसफाईला, दुरुस्तीला आलेली माणसं. तिची जखम रोज उघडत होती, म्हणून ती माणसं रोज येत होती."

बांध रोज फुटत राहिला तर मजूर घरी जातील कधी, एवढं तर मला शेतीत कळतं. म्हणजे तार चांगली होती. चांदी खरी होती. ते ऐकून मी पदर नीट केला, कारण आता कोणाकडे तरी जावं लागणार होतं.

प्रज्वलने खाली पाहत विचारलं, "मॅडम, हे आलं कोनाकडून?"

"अर्धं तुमच्याकडून, अर्धं हिच्याकडून. ज्याच्यात अर्धं असतं त्याला काही होत नाही, कळतही नाही. दोन्हीकडून आलं की मात्र असं होतं. दोष कोणाचाच नाही. पुढचं बाळ होईल तेव्हा आधी माझ्याकडे या, एवढंच."

दुसऱ्या एखाद्या घरात इथे महाभारत झालं असतं. सासूने सुनेच्या माहेराला नाव ठेवलं असतं, सुनेने सासरला. मी बोट दाखवायचं तर कोणाकडे? सून माझ्या भावाची, पोरगा माझ्या पोटचा. दोन्हीकडे मीच. मी अर्पिताच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "गावात कोनी तुले बोललं तर त्याले माह्याकडे धाड."

"आत्या, तुमीबी बोलल्या होत्या."

"मग मलेही माह्याकडे धाड. पाहून घेतो मी तिले."

ती हसली. किती महिन्यांनी हसली, ते मी मोजलं नाही.

संध्याकाळी व्हरांड्यातून मी रंगरावला फोन लावला. नातीची खुशाली सांगितली, औषध दर महिन्याला द्यावं लागेल आणि दिलं की पोरगी चारचौघींसारखी वाढेल, हे सांगितलं. मग म्हटलं, "रंगराव, आपल्या मायनं नाळ नीटच सांभाळली होती."

त्याला वाटलं असेल मी भलतंच बोलते आहे. मग म्हणाला, "अक्का, कोनती नाळ?"

त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. आपल्याला, तुझ्याआधी, एक भाऊ होता. आईची काही चूक नव्हती. तिचं फडकं स्वच्छ होतं, हात स्वच्छ होता, फक्त त्या पोराच्या रक्तात गाठ मारणारं नव्हतं, आणि तेव्हा ते कोणाला माहीत नव्हतं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आमच्या आईच्या फोटोला तो रोज हार घालतो. त्या दिवशी, देवेश सांगतो, त्याने फोटो भिंतीवरून काढला, पुसला आणि मांडीवर घेऊन बसला.

मॅडमच्या त्या एका प्रश्नाने माझ्या नातीला जगवलं, हे तर आहेच. पण माझ्या मेलेल्या आईलाही त्याच प्रश्नाने सोडवलं. हे उपकार मी कुठे ठेवू?

घरी आल्यावर पहिलं काम केलं. गाडग्यात दही लावलं, म्हशीचं, घट्ट, आणि ते घेऊन नीळकंठच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं ते याही वेळी बरंच झालं.

"हे घे. आंबायच्या आत खाजो."

त्याने गाडगं दोन्ही हातांनी घेतलं. "काकू, मंग तार कोन्या कुंपनाची निंगाली?"

"चांदीची होती. तुह्या बापापेक्षा तुहा हात बरा हाये. आता एवढ्यावर समाधान मान, जास्त ऐकायची वाट पाहू नको."

गिऱ्हाईकाने हसू लपवायला तोंड फिरवलं. नीळकंठने माझ्या माहेरची गोष्ट गावात कोणाला सांगितली नाही, हे मला पुढे कळलं. ती मीच सांगितली. पाण्याच्या टाकीजवळ चार बायका जमल्या असताना सांगितली, मोठ्याने. आमच्याकडे अजून नात्यात लग्नं होतात, कोणाच्या बाळाची बेंबी आठवडाभर वाहिली तर शपथ घालून बसू नका, बुलढाण्याला न्या, असं बजावून सांगितलं.

आता दर महिन्याला आम्ही जातो. पिशवी लागते, रेवती नर्सच्या गळ्यातल्या नळीशी खेळते, संध्याकाळी घरी. तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी केक कापू दिला नाही. शाळेच्या मैदानात मंडप टाकून रक्तदान ठेवलं. सगळ्यात आधी नीळकंठ आडवा झाला, त्याच्यानंतर प्रज्वल. देवेश साखरखेर्ड्याहून मित्र घेऊन आला, सुई पाहून डोळे मिटून कण्हला, पण दिलं. रंगरावने आपल्या हाताने सगळ्यांना मठ्ठा वाढला. मी प्रत्येकाच्या पाया पडले. मला सगळ्यांकडून पाया पडून घेण्याची सवय, म्हणून पोरं अवघडली. मी म्हटलं, "उभे राहा गुमान. तुमाले काय माहीत तुमी कोनाच्या घरी जाऊन राह्यले."

त्याच दिवशी मंडपात रेवती पहिल्यांदा हात सोडून चालली. चार पावलं टाकली आणि दाणकन पडली. गुडघ्याला खरचटलं, रक्ताचा थेंब आला. अर्पिताने तो पुसला आणि पोरीला पुन्हा उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा तिचं दुपटं पाहिलं, मग गुडघा. खपली होती, कोरडी, जागच्या जागी.

दह्याचं ते गाडगं परत करायला नीळकंठ इतक्या महिन्यांनी, त्याच दिवशी आला. रिकामं गाडगं परत द्यायचं नसतं, म्हणून त्यात त्याने एक डबी ठेवली होती. आत दोन सोन्याच्या इवल्या रिंगा, दाबून बसवायच्या. भोक लागत नाही, सुई लागत नाही. त्याने स्वतः घडवल्या होत्या.

"आता कानाले लावून पाहा," तो म्हणाला.

"अन तोंडात घातल्या तर? काहीबी घडवतो. लेकराची जात हाये ती."

"मंग कधी लावता?"

"मोठी झाली की. तिचं तिले ठरवू दे."

मी डबी माझ्या ट्रंकेत ठेवली, माझ्या आईच्या साडीच्या घडीत. मग गाडगं धुतलं आणि त्याच्यासाठी पुन्हा विरजण लावलं.